होडीचं माप

मालगाडीच्या नव्या लाइनीवरून मी दोन्हीकडून बोलणी खाल्ली, आणि दोन्हीकडच्या लोकांना वाटत होतं की लाइन मीच टाकतेय. ऑफिसात विचारायचे, "मॅडम, तुमच्या गावावरूनच जातेय ना, मग एवढा उशीर का होतोय?" गावात विचारायचे, "बाय, तुजे बंदराची गारी आमचे दारातशीच कशाला पायजे?" मी ना रेल्वेत कामाला, ना बंदरात. घोडबंदर रोडवरच्या एका उंच इमारतीत आमचं ऑफिस आहे, तिथे बसून लोकांचा माल परदेशी पाठवायचं काम मी करते. हे मी दोन्हीकडे इतक्या वेळा सांगितलं की शेवटी सांगणंच सोडून दिलं.

आमचं काम बोलायला सोपं आहे. डोंबिवलीच्या कारखान्यातली रंगाची भुकटी, भिवंडीच्या गोदामातले टॉवेल, जे असेल ते कंटेनरमध्ये भरायचं, कंटेनर ट्रेलरवर चढवायचा आणि उरणकडच्या बंदरात पाठवायचा. बोट सुटायच्या आधी, ठरलेल्या वेळेत, तो बंदराच्या गेटातून आत जायला हवा. गेट बंद झालं की कुणाच्या बापाचं चालत नाही. माल तसाच पडून राहतो, तिकडचं गिऱ्हाईक फोन करतं, इकडचा कारखानदार फोन करतो, आणि दोघांनाही मी काय सांगायचं? तर ट्रेलर शिळफाट्याला उभा आहे. दिवसा ठाण्यात अवजड गाड्यांना बंदी, बंदी उठली की सगळ्या एकदम सुटतात, सुटल्या की एकमेकींना अडकतात. एकदा आमचा ड्रायव्हर वैतागून गाडी बाजूला लावून जेवायला गेला आणि तासाभराने परत आला, तेव्हा रांग जिथल्या तिथे होती. तो मला फोनवर हे हसत हसत सांगत होता. मला हसू आलं नाही.

बंदर तर वाढतच चाललंय. समुद्रातली वाट खोल केली, मोठमोठ्या बोटी लागायला लागल्या, एकेका बोटीचे डबे उतरवून ठेवायला जागा पुरेना. डबे वाढले आणि रस्ते तेवढेच राहिले. आमचे साहेब प्रत्येक मीटिंगच्या शेवटी एकच वाक्य म्हणायचे, "रेल्वे एकदा होऊ द्या, मग बघा." आम्ही सगळे मान डोलवायचो. मी तर जरा जास्तच. खोटं कशाला बोलू, मला ती लाइन हवी होती. रात्री जेवताना ताटाशेजारी फोन ठेवून ट्रेलर कुठे पोचला हे विचारत बसायचा मला कंटाळा आला होता. थेट बंदरात जाणारी मालगाडी, मधे माणसांच्या गाड्यांची लुडबुड नाही, यापेक्षा जास्त मला आयुष्याकडून त्या काळात काही नको होतं.

आणि ती लाइन आली ती आमच्या गावाच्या आणि खाडीच्या बरोबर मधून.

गाव म्हणजे माझं माहेर. डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीला लागून. मी लग्न होऊन स्टेशनजवळ राहायला गेले, म्हणजे रिक्षाने जाण्याएवढी लांब. आम्ही खाडीवरचे कोळी. आता गावात होडी असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, कारण खाडीत काय काय सोडलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि मासळी त्याआधीच शहाणी होऊन निघून गेली. तरी माझे बाबा जातात. सत्तरी उलटली तरी जातात. बोय मिळते, थोडी कोलंबी, चिंबोऱ्या. आई ते विकायला बसते आणि गिऱ्हाइकाने वास घेऊन बघितलं की त्याला चार शब्द सुनावते. त्या धंद्यावर घर चालत नाही, घर माझा भाऊ चालवतो. पण बाबांना ते कुणी तोंडावर सांगत नाही.

पावसाळ्यात आमची होडी घरी येते. खाडीला पूर आला की काठाला बांधलेली होडी राहत नाही, आणि पुरातून राहिली तर माणसांतून राहत नाही. दोन वर्षांमागे काठावर ठेवलेल्या एका होडीचं इंजिन टवाळ पोरांनी नेलं आणि लाकूड जाळून शेकोटी केली. म्हणून मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, गावातली माणसं गोळा करायची, होडी ट्रॉलीवर चढवायची, ट्रॅक्टर लावायचा आणि जुन्या मिठागराच्या बांधावरून ओढत घराच्या अंगणात आणायची. मग नारळी पौर्णिमेपर्यंत ती अंगणात. बाबा तिची डागडुजी करणार, भेगा भरणार, रंग देणार. आई चार महिने ओरडणार की कपडे वाळत घालायला जागा नाही, पापड घालायला जागा नाही, पाहुणा आला तर होडीला वळसा घालून घरात येतो. लहानपणी आम्ही अभ्यास होडीत बसून करायचो. आईचं ओरडणं आणि डांबराचा वास, पावसाळा म्हणजे मला अजून तेच वाटतं.

लाइनीचा भराव पडायला लागला तेव्हा गावाने अडवलं, आणि बरोबर अडवलं. पलीकडे खाडी, मिठागराच्या जमिनी, स्मशान. मधे वाट नको? मग कंत्राटदाराचा इंजिनिअर गावदेवीच्या देवळात बोलायला आला. तरुण होता, विदर्भातला, बोलायला मऊ. कुणी काहीही बोललं तरी "बरोबर आहे काका" म्हणायचा. त्याने सांगितलं की भरावाखालून जायला वाट ठेवणारच आहोत. कागदावर तिला काहीतरी इंग्रजी नाव होतं, गावाने पहिल्याच दिवशी तिला मोरी म्हटलं. सिमेंटचे तयार चौकोनी गाळे येतात, तो म्हणाला, दोन मापांचे. छोटा लगेच बसवता येतो. मोठा लागणार असेल तर भराव वर घ्यावा लागेल, वरून मंजुरी आणावी लागेल, पण गरज असेल तर आणतो. तुमच्याकडचं सगळ्यात रुंद काय या वाटेने जातं तेवढं सांगा.

सरळ प्रश्न होता. त्यावर तासभर भांडण झालं. एक म्हणाला, हळदीला डीजेचा टेम्पो जायला पाहिजे. दुसरा म्हणाला, खाडीवर कुणाची हळद आहे? तिसऱ्याने गावदेवीच्या पालखीचा विषय काढला, तर चौथा म्हणाला की पालखी कधी त्या अंगाला जातच नाही, आणि मग पालखी पूर्वी कुठून जायची यावर दोन म्हाताऱ्यांची जुंपली. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून आले होते, कारण सगळ्यांना वाटत होतं की बंदराचं माणूस आपल्या बाजूने असलेलं बरं. मी डोकं धरून बसले होते. शेवटी बाबा उठले आणि म्हणाले, "ट्रॅक्टर जाल, टेंपो जाल. सगल्यान रुंद आमची होरी हाय. तिचा माप घ्या."

इंजिनिअरला आनंद झाला. त्याने खिशातून टेप काढली आणि म्हणाला, "चला काका, कुठे आहे होडी?"

"होरीला टेप लावाची नाय," बाबा म्हणाले.

हा आमच्या घरचा नेम. माप होडी बांधताना घ्यायचं. एकदा पाण्यात उतरली की पुन्हा तिचं माप काढायचं नाही. माप मेलेल्याचं काढतात, तिरडी बांधताना, जित्याचं नाही, असं आजोबा सांगायचे. त्या पोराला हे कसं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, तर बाबा घरी जाऊन दोरी घेऊनसुद्धा आले. ही दोरी आमच्या देव्हाऱ्याशेजारी खुंटीला असते. आजोबांची. तिला गाठी आहेत, एक लांबीची, एक रुंदीची, एक खोलीची. होडी बांधायला घेतली की सुतार आधी ती दोरी मागतो.

"या दोरीला लावा टेप," बाबा म्हणाले. "आमची होरी ही."

इंजिनिअरने दोरीला टेप लावली, आकडा लिहून घेतला, वर ट्रॉलीसाठी दोन्ही बाजूंना जागा धरली आणि म्हणाला, छोटा गाळा पुरतो, आरामात पुरतो. सगळे खूश. चहा झाला. त्या दिवशी गावाने आणि रेल्वेने एकमेकांना फसवलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन, आणि हीच खरी डोकेफोड आहे. कुणी फसवलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

आता ते सांगते जे त्या दिवशी देवळात बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडे होडी बदलली असं म्हणत नाहीत. जुनी होडी मोडकळीला आली की तिच्या पुढच्या टोकाची फळी काढून नव्या होडीत बसवतात, आणि होडी तीच राहते. नाव तेच, पूजा तीच. बाबांना विचारा, ते म्हणतील ही माझ्या बापाची होडी. पण काही वर्षांपूर्वी जेव्हा ती नव्याने बांधली, तेव्हा बाबांनी सुतारासमोर उभं राहून तिच्या दोन्ही बाजूंना वर एकेक जादा फळी लावून घेतली, बाहेरच्या अंगाला झुकलेली. वल्ही मारून खांदे गेले होते, इंजिन बसवायचं होतं, आणि इंजिनाच्या वजनाने होडी खाली बसली की पाणी आत येतं. म्हणून काठ उंच केले, आणि वर ती रुंद झाली. दोरीची गाठ मात्र आजोबांनी बांधली तिथेच होती. ती कोण सोडणार?

लाइन झाली. भराव पडला, गाळा बसला, रूळ आले. माझ्या ऑफिसात मिठाई वाटली, आणि मीही पेढा खाल्ला. मे महिना आला.

होडी घरी आणायच्या दिवशी मी मुद्दाम गेले, कारण आईचा आवाज फोनवर बरा वाटला नव्हता. ट्रॅक्टर लावला होता, माणसं होती. मिठागराचा बांध पार करून मंडळी मोरीपर्यंत आली आणि होडीचं पुढचं टोक छान आत गेलं. मग पोट आलं, आणि दोन्ही बाजूंनी सिमेंटला लागलं. कर्र असा आवाज झाला. मागे घेतली, सरळ केली, परत घातली. पुन्हा तेच. कुणी म्हणालं ट्रॉली वाकडी आहे. कुणी म्हणालं चाकाची हवा काढा. कुणी म्हणालं होडी कलती करा, कलती केली तर खालच्या फळ्या बोलायला लागल्या, आणि बाबा म्हणाले, "थांबा. होरी मोरताना आरवी करतान." होडी मोडायची तेव्हाच आडवी करतात, हे ऐकल्यावर पुढे कुणी हात लावला नाही.

आम्ही सगळे त्या गाळ्याच्या तोंडाशी असताना वरून मालगाडी गेली. डब्यावर डबा, दोन मजली, संपतच नव्हती. सिमेंट थरथरत होतं, कानात बोलणं ऐकू येत नव्हतं. बाबांनी होडीवर हात ठेवला होता, बुजलेल्या गाईवर ठेवतात तसा. गाडी गेल्यावर ते कुणाशी न बोलता घरी गेले, दोरी आणली आणि गाठ धरून मोरीला लावली. दोरी बसली, आणि दोन्हीकडे जागा उरली.

"माप बरोबर हाय," बाबा म्हणाले.

माणसांत आमचा सुतार होता, आता म्हातारा झालेला. तो घसा खाकरून म्हणाला, "अवं, पन वरच्या फल्या तुमीच वारवून घेतल्याव ना. इंजिनासाटी."

आमच्या मागे आईही येऊन उभी होती. आईने पदर तोंडाला लावला, हसू होतं की काय होतं मला कळलं नाही. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. नेमका त्याच वेळी फोन वाजला. साहेब होते, अगदी लाडात. आमचा माल पहिल्यांदाच रेल्वेने वेळेआधी बंदरात पोचला होता, गिऱ्हाइकाचा आभाराचा मेल आला होता. "मॅडम, मी म्हटलं नव्हतं?" मी म्हटलं, "सर, मी मोरीत उभी आहे, नंतर बोलते." त्यांना काय समजलं असेल देव जाणे.

होडी मागे घेऊन मिठागराच्या उंच बांधावर ठेवली. बाबांनी बांबू पुरले, निळी ताडपत्री टाकली, आणि संध्याकाळी घरी आलेच नाहीत. तिथेच झोपले. दुसऱ्या दिवशीही. आईने विचारायला माणूस पाठवला तर निरोप आला की जेवण इकडेच पाठवा.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आधी इंजिनिअरकडे गेले. मी भांडायच्या तयारीने गेले होते आणि त्याने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. "मॅडम, मला खरंच वाईट वाटतंय," तो म्हणाला. "तेव्हा सांगितलं असतं तर मोठा गाळा बसवला असता. आता वर गाड्या सुरू झाल्यात, भराव उकरता येत नाही." मग हळूच म्हणाला, "माप काकांनीच दिलं होतं." मला माहीत होतं, म्हणून तर संताप येत होता. मी त्याला म्हटलं, तुम्ही स्वतः होडी बघायला हवी होती. तो म्हणाला, "बरोबर आहे मॅडम." त्याच्याशी भांडताच येत नाही.

मग मी रस्त्याचा विचार केला. होडी पाण्यातून डोंबिवलीच्या धक्क्याला न्यायची, तिथे क्रेनने ट्रेलरवर चढवायची आणि रस्त्याने घरी. ट्रेलर मिळवणं हे माझं रोजचं काम, दोन फोनमध्ये मिळाला असता. पण गावात घुसायच्या गल्लीत इतक्या इमारती वर आल्यात की रिक्षा समोरून आली तरी एकाला मागे जावं लागतं. आमच्या अंगणाला मोकळं तोंड एकच, खाडीकडचं, आणि तिथे आता भराव. मी तीन वेळा गल्ली मोजून आले. तिसऱ्या वेळी एका बाईने वरून विचारलं, "काय गो, जागा घ्याची हाय काय?"

ऑफिसात ही गोष्ट फुटली, आणि साहेबांना कळवळा आला. तो खरा होता, त्यांना नावं ठेवणार नाही. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की कंपनीचा एक जुना कंटेनर आहे, भंगारात काढायचा आहे, तो तुमच्या बाबांना देऊन टाकू. होडी त्यात ठेवा, कुलूप लावा, विषय संपला. टाळ्या वाजल्या. मी कंटेनरची मापं झोपेतही सांगू शकते. आमची होडी त्याच्या दारातून आत गेली नसती. तरी मी म्हटलं, निदान बाबांना पावसात बसायला तरी होईल. मग कुणीतरी विचारलं की तो पलीकडे न्यायचा कसा, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोरीतून कंटेनरचा ट्रेलर जात नाही. असे डबे आमच्या डोक्यावरून दिवसभर जात होते, आणि एक डबा खालून पलीकडे न्यायचा तर जागा नव्हती. साहेब म्हणाले, "मग राहू द्या," आणि आम्ही कामाला लागलो. काम खरंच सोपं झालं होतं, तेवढं कबूल करायला हवं. आता रात्री जेवताना माझा फोन वाजत नव्हता.

त्या मोकळ्या झालेल्या वेळात मी माहेरी जाऊन भांडायचे. आई रोज डबा घेऊन मोरीतून पलीकडे जायची, कधी मी जायचे. बाबा होडीच्या सावलीत बसून जाळं विणत असायचे. मी सुरुवात करायचे, "बाबा, तू हट्ट करतोस. पाऊस येईल, इथे साप निघतात, तुला काही झालं तर कोण बघणार?"

"मना काय नाय व्हत."

"अरे होडी आहे ती. माणूस नाही."

"तिला एकटी टाकून मी नाय यनार. मागं पोरांनी बघलास ना, होरीचा लाकूर जालला. माजा बापूस म्हनायचा, पावसात होरी घरा पायजे, नायतं घर रिकामा वाटते."

"मग विकून टाक."

यावर ते डबा उघडायचे आणि आज आईने कालवणात चिंच जास्त टाकली असं म्हणायचे. मी हात टेकले. परत येताना मोरीत थांबून मला त्या सिमेंटला लाथ मारावीशी वाटायची, आणि एकदा मी मारलीही. अंगठा सुजला.

आईची तऱ्हा तर आणखी वेगळी. जन्मभर जागा नाही म्हणून ओरडलेल्या बाईला अख्खं अंगण मिळालं होतं. मी म्हटलं, आता घाल पापड. तिने काही घातलं नाही. कपडेसुद्धा मागच्या बाजूला वाळत घालायची. भावाने एकदा त्याची मोटरसायकल अंगणात लावली, तर तिने ती काढायला लावली. "लावू नको तय," एवढंच म्हणाली. मी कारण विचारलं तर माझ्यावरच खेकसली की तुला ऑफिस नाही का.

जूनच्या तोंडावर आभाळ भरून यायला लागलं. एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर तिथे सुतार बसला होता, समोर हत्यारं मांडलेली. बाबांनी त्याला बोलावलं होतं. वरच्या दोन्ही जादा फळ्या काढायच्या. त्या काढल्या की होडी दोरीच्या मापावर येते, आणि मोरीतून जाते.

मला पहिल्यांदा बरंच वाटलं. एवढं सोपं होतं तर हे आधी का नाही सुचलं, असं मी म्हणालेसुद्धा. मग सुतार माझ्याकडे न बघता बोलला. खिळे गंजून आतल्या बरगड्यांत बसलेत, फळ्या अख्ख्या निघायच्या नाहीत, बरगड्यांची टोकं कापावी लागतील. एकदा काढल्या की परत बसायच्या नाहीत. आणि फळ्यांशिवाय काठ खाली, म्हणजे इंजिन ठेवता यायचं नाही.

"मग बाबा?" मी म्हटलं. "इंजिन नाही तर तू वल्हवणार? या वयात? तुझा हात खांद्याच्या वर जात नाही, आई तुला सदरा घालते. आणि पावसानंतर काय करणार आहेस?"

"पाऊस त जाव दे," बाबा म्हणाले.

मी खूप बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही; इंजिनिअरला, साहेबांना, रेल्वेला, आजोबांच्या दोरीला, गावातल्या डीजेवाल्यांना, जे त्या दिवशी तासभर भांडत बसले होते, सगळ्यांना एकत्र घेतलं. सुतार मान खाली घालून ऐकत होता. बाबांनी मला बोलू दिलं. माझा दम गेल्यावर त्यांनी सुताराला खूण केली, आणि त्याने पहिल्या फळीखाली पहार घातली.

दुसऱ्या दिवशी होडी मोरीतून आली. दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी जागा राहिली, कुणी ओरडलं नाही, कुठे कर्र झालं नाही. इंजिन वेगळं, गोणपाटात गुंडाळून टेम्पोतून आणलं. अंगणात होडी ठेवली तेव्हा आईने तिला हळदकुंकू लावलं, आणि लगेच ओरडायला लागली की आता पाहुण्यांनी यायचं कुठून. बाबा घरात जाऊन पलंगावर झोपले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

सगळा पाऊस त्यांनी तिची डागडुजी केली. कापलेल्या बरगड्यांची टोकं घासून गुळगुळीत केली, काठाला नवी पट्टी मारली. मी दर रविवारी जायचे, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की आज विचारू, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कशावरून तरी चिडून परत यायचे. इंजिन एका गिऱ्हाइकाने नेलं असं आईने मला फोनवर सांगितलं, भाजी काय केली त्याच्या आधी.

नारळी पौर्णिमेला गावातल्या उरलेल्या होड्या निघाल्या. त्या लहान, मोरीतून सुखाने जाणाऱ्या. बँड होता. आमच्या दारावरून जाताना माणसं थांबली, बाबांना हाक मारली, "काका, कारायची ना?" त्यांना होडी ओढायला हात द्यायचा होता. बाबांनी आतून सांगितलं, "तुमी व्हा पुरं." ती माणसं गेली. बाबा ब्रश घेऊन अंगणात होडीशी बसले. निळा रंग देत होते, तिसरा हात असेल.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, कधी काढणार तिला बाहेर?"

त्यांनी ब्रश थांबवला नाही. "आता वल्हवनार कोन?" ते म्हणाले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. सुताराला खूण केली त्या दुपारीच माहीत होतं. घरी आणायची तर ती पुन्हा खाडीत जाणार नाही, आणि खाडीत ठेवायची तर घरी येणार नाही; त्यांनी त्यातलं एक निवडलं होतं, आणि मी बांधावर उभी राहून त्यांना हट्टी म्हणत होते. मला ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडू ते सापडेना. पलीकडून मालगाडी आली, घराच्या भिंतीला हादरा बसला आणि रंगाचा डबा होडीच्या काठावरून सरकायला लागला.

"धर गो तो," बाबा म्हणाले, आणि मी धरला.